चिवडा खाल्लेला पाहुणा

एक बंद पाकीट द्यायला लतिका आल्मेरे या डच शहराच्या नगरपालिकेत आली होती. नंबर यायचा होता. शेजारी एक जोडपं येऊन बसलं आणि इथे मराठी कुणाला कळतंय, अशा थाटात बोलू लागलं.

"भार्गवी, हरकत मागे घेताना कारण काय सांगणार आहेस?"

"खरं ते सांगायचं. शेजारचे डच आजोबा कागद घेऊन आले. मी चिवडा दिला. आता चिवडा खाल्लेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? न वाचताच सही केली."

"खिडकीवरच्या बाईंना हे कळायचं नाही."

"मला तरी कुठे ठाऊक होतं, समोरच्या मैदानात शाळा होणार म्हणून? रोज पोरीला सायकलवर घेऊन, समोरून वारा खात, सहा किलोमीटर मी जाते, अंबरीश. आणि शाळेला हरकतही मीच घेतली!"

"ऐक ना. तो कागद मी पोस्टात टाकलेलाच नाही."

"काय? रोज विचारत होते, तू हो म्हणत होतास!"

"विसरलो होतो. रेनकोटच्या खिशातच आहे."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"सकाळपासून तू बोलू दिलंस कुठे?"

"थांब. तुझ्यावर चिडायचं की तुला पेढा भरवायचा, ते आधी ठरवू दे."

"घरी जाऊन ठरव. चल."

दोघं हसत बाहेर पडली. तेवढ्यात पाटीवर लतिकाचा नंबर लागला. ती उठली, पाकीट पर्समध्ये कोंबलं आणि त्यांच्या मागोमाग दाराकडे निघाली.

तिच्याकडे आजोबांनी चकल्या खाल्ल्या होत्या.