अकरा उखळांचा तांडा

अध्यक्ष महाराज, शेजारी बसलेले तांड्याचे नाईक डोंगरसिंगजी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते हरिसिंग गुरुजी, दिग्रसहून एस.टी.नं धूळ खात आलेली पाहुणे मंडळी, आणि समोर बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, बंधूंनो,

मी विठ्ठलराव, तुमचा पटवारी. पटवारी बोलायला उभा राहिला की लोकांना आधी आपापल्या धुऱ्याबांधाची काळजी लागते. आज कोणी काळजी करू नये, मोजणीची साखळी मी घरी ठेवून आलो आहे. गुरुजींची राळेगावला बदली झाली. त्यांच्याबद्दल चार शब्द बोला, असं नाईकांनी मला सांगितलं. चार शब्दांत मावणारे हे गृहस्थ नव्हेत, त्याला माझा इलाज नाही.

गुरुजी शाळेत येण्याआधी फौजेत होते, हे आपण जाणताच. तेही खेचरांच्या पलटणीत. त्यांच्या बंजारा वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ वाहिलं, गुरुजींनी खेचरांच्या पाठीवर तोफगोळे वाहिले. इटलीतली लढाई संपल्यावर त्यांची तुकडी ग्रीस देशातल्या एका बेटावर गेली. त्या बेटावर पूर्वी इटलीचं राज्य होतं, म्हणून तिथल्या लोकांना इटालियन समजे, आणि आमच्या गुरुजींना ती मोडकीतोडकी बोलता येई. दिग्रसच्या बाजूचा माणूस एका ग्रीक म्हातारीशी इटालियनमधून गप्पा मारतो! कोणाला खरं वाटेल? मला तरी वाटलं नव्हतं. मग एका दुपारी त्यांनी शाळेच्या फरशीवर खडूनं ते बेटच काढून दाखवलं.

त्या बेटावरच्या गावांची हकिकत मोठी ऐकण्यासारखी आहे. गावं आधी समुद्राकाठी होती. मग चाचे येऊ लागले. गुरं नेली, धान्य नेलं, माणसंसुद्धा धरून नेली. तेव्हा लोकांनी काठ सोडला आणि डोंगराच्या अशा कुशीत घरं बांधली की समुद्रावरून एक भिंतही दिसू नये. घराला घर चिकटलेलं, दारं ठेंगणी, गच्च्या एकीवरून दुसरीवर पळत जाता येईल अशा. शेदोनशे वर्षांनी चाच्यांचं भय सरलं आणि लोक पुन्हा खाली उतरले. वर नुसती पडझड राहिली. पण वर्षातून एक दिवस सगळं गाव वर जातं, आणि ज्यानं त्यानं आपापल्या पडक्या दारात बसून जेवायचं असतं. त्या म्हातारीनं गुरुजींना आपलं दार दाखवलं. गुरुजींनी विचारलं, तुझं खरं गाव वरचं की खालचं? म्हातारी त्यांच्यावर खेकसली. म्हणाली, गाव एकच आहे, आम्ही फक्त वरून उठून खाली बसलो.

आता तुम्ही म्हणाल, पटवाऱ्याला ग्रीस देश कशाला हवा? सांगतो. सांगायला जड जातं आहे, पण सांगतो.

तीन वर्षांपूर्वी वरून कागद आला. जंगलालगत नव्यानं बसलेल्या वस्त्या उठवायच्या, चाळीस वर्षांची जुनी वस्ती असेल तर राहू द्यायची. चौकशी माझ्याकडे होती. मी इथे आलो, चावडीवर बसलो आणि विचारलं, या तांड्याचं नाव काय? सगळे म्हणाले, डोंगरसिंग नाईक तांडा. मी दप्तर उघडलं. त्यात डोंगरसिंग तांडा कुठेच नाही. आहे तो साठ वर्षांपूर्वी नोंदलेला धावजी नाईक तांडा, आणि तोही टेकडीवर, जिथे आता पळसाशिवाय काही नाही. मी लिहून टाकलं, ‘जुना तांडा उठून गेला. सदर वस्ती नवीन.’ अर्ध्या तासात चाळीस घरांचा निकाल लावून मी चहा पिऊन गेलो. चहा तुमच्याच घरचा होता.

तांड्याचं नाव नाईकावरून पडतं आणि नाईकाबरोबर बदलतं, हे मला ठाऊक नव्हतं. आणि तुमच्यापैकी एकानंही मला धावजींचं नाव सांगितलं नाही. काहून? तर डोंगरसिंगजी समोर बसले होते. बसत्या नाईकाच्या तोंडावर जुन्या नाईकाचा तांडा म्हणणं म्हणजे त्याचा मान काढून घेणं. मान राखला आणि घरं जायची वेळ आली!

कापूस वेचून झाला की जागा सोडा, अशी नोटीस लागली. तेव्हा गुरुजी माझ्याकडे आले. मला वाटलं, भांडायला आले. ते एवढंच म्हणाले, “पटवारीसाहेब, तुमी खालचं पाहून गेले. एक डाव वरचं पाहाले चालता काय?”

पण वरचं दाखवणार कोण? तीसेक वर्षांपूर्वी टेकडीवर पटकीची साथ आली होती. धावजी नाईक त्यातच गेले, आणि उरलेले लोक रातोरात खाली उतरले. त्यानंतर वर कोणी पाऊल ठेवलं नव्हतं. कुठलं घर कुठे होतं हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आपल्या बिजलीबाई. गुरुजींनी त्यांना त्या बेटावरच्या म्हातारीची गोष्ट सांगितली, आईला म्हणावं तसं “याडी, तू बी चाल” म्हणून विनवलं. बिजलीबाई म्हणाल्या, “थे बाई तठी जेवाले जाते. मी कायले जाऊ? माही दोन लेकरं तठी मातीत हायेत.”

गुरुजी शाळेत परत गेले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बिजलीबाई स्वतः काठी घेऊन शाळेपुढे उभ्या राहिल्या.

वर गेलो. मला तर नुसता पळस आणि काळा खडक दिसत होता. बिजलीबाईंनी काठीनं पाचोळा बाजूला केला, आणि खडकात कोरलेलं उखळ दिसलं. “हे धावजी नाईकाचं.” पुढे दुसरं. “हे हंसाच्या सासूचं.” घराघराचं उखळ दारापुढच्या खडकातच कोरलेलं होतं. घरं मोडली, बाया खाली उतरल्या, उखळं कशी उचलणार? अकरा सापडली. अकरांची नावं मी लिहून घेतली, आणि खाली येऊन पाहतो तर त्या अकराही घरांतली माणसं याच तांड्यात नांदत होती.

शेवटच्या उखळापाशी बिजलीबाई खाली बसल्या. हातानं त्यातली माती काढली. मग मला म्हणाल्या, “साहेब, अठी राह्यणाऱ्याइचे नावं लिहून राह्यले ना? मंग भावसिंग लिहा. लाली लिहा.” गुरुजींनी तोंड फिरवलं. पंचनाम्यात मेलेल्या लेकरांसाठी रकाना नसतो. मी रहिवाशांच्या रकान्यात लिहिलं. ‘भावसिंग, वय पाच. लाली, वय तीन.’ पुढे तहसीलदारसाहेबांनी बोट ठेवून विचारलं, हे कोण? मी म्हणालो, त्या गावचे रहिवासी. आणि त्याच कागदावर लिहून दिलं की माझा पहिला अहवाल चुकीचा होता.

नोटीस परत गेली, तांडा राहिला. गुरुजी, हे तुमचं काम. तुम्ही एक शब्द चढवून बोलला नाहीत, मला नुसतं टेकडीवर नेलंत. राळेगावकरांचा मला हेवा वाटतो.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, त्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. भाषण संपवताना बोलण्यातल्या उण्यादुण्याची माफी मागायची रीत आहे. माझ्या बोलण्यात चुका झाल्या असतील, त्या पदरात घ्या. पण माझी मोठी चूक बोलण्यातली नव्हे, लिहिण्यातली होती. साहेबांपुढे ती मी कबूल केली, तुमच्यापुढे आजवर केली नाही. बिजलीबाई, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तुमची लेकरं जिथे निजली आहेत ते गाव मी चहा पिता पिता पुसून टाकलं होतं. मला माफ करा.