तिरप्या दांडीचं नाव

मुरूमच्या बसस्टँडवर तुळजापूरच्या गाडीची वाट बघता बघता अनसूयाबाईंचा डोळा लागत होता. शेजारच्या बाकावर सारजाबाई आणि त्यांची इंजिनीयर भाची अर्पिता मांडीवर शाळेच्या इमारतीचा नकाशा पसरून बसल्या होत्या. त्यांचं बोलणं अनसूयाबाईंच्या पेंगेत तरंगत येत होतं.

"शाळंच्या खांबांमधी ह्या तिरप्या दांड्या कशाला गं?"

"भूकंप आला तर धक्का ह्या लोखंडी दांड्यांनी खायचा, आत्या. खांबांनी नाही."

"मग दांडीचं काय हुतंय?"

"ती वाकते. तोवर पोरं बाहेर पडतात."

"तुझं मामा, आमचं मालक, त्या भूकंपात असंच दारात उभं ऱ्हायलं. पाठीवर चौकट घिऊन. म्या लेकरं काढली."

"माहीत आहे, आत्या."

"सपनात येत्यात अजून. पाठ सरळच असती."

सारजाबाईंनी नकाशातल्या एका तिरप्या रेघेवर बोट ठेवलं.

"दांड्यांस्नी नावं असत्यात का?"

"नंबर असतात."

"एकीला नाव दे की."

"कुणाचं?"

"मालकाचं नाव म्या कसं घिऊ, बाई?"

"बरं. मी लिहिते."

"लिही. आन् मोठ्यानं वाच. तीस वर्सांत कुणाच्या तोंडून ऐकलं न्हाय."