राखुंड्याची पहिली आखाजी

...आणि वर सगळे मलाच विचारतात, कुत्र्याला एवढं कळत कसं नाही! अहो, कसं कळणार? तुम्हाला सांगते, कुत्र्याला राख कळते, घर कळत नाही. राख सारखीच दिसते हो, घर वेगळं असतं... मला हे कळायला लग्न करावं लागलं, आणि त्याला तर लग्नाचं कुणी विचारलंही नव्हतं. म्हणजे मला तरी कुठे विचारलं होतं, पण ते राहू द्या.

घरात मी बोलत नाही. नव्या सुनेनं बोलायचं नसतं. ‘हो’ आणि ‘वाढू का’ एवढ्यावर माझा धुळ्यातला सगळा संसार चाललाय. म्हणून तुम्ही भेटलात तर जरा ऐकून घ्या, मध्ये थांबवू नका, कारण एकदा थांबले की मला लगेच पदर सावरून गप्प बसावंसं वाटतं.

तर राखुंड्या हा आमच्या असोद्याचा, माझ्या माहेरचा. राखेच्या रंगाचा म्हणून राखुंड्या, की राखेत झोपून झोपून रंग तसा झाला, हे आमच्या नानांनाही सांगता येत नाही, आणि नाव तर त्यांनीच ठेवलेलं. आमच्याकडे चूल परसात. भाकरी झाल्या की आई निखारे पाण्यात विझवते, कोळसे सोनाराला देते, आणि चुलीत उरते ती नुसती राख, मऊ, कोमट, बाळंतिणीच्या अंथरुणासारखी. त्यात हा गोल होऊन पडायचा, आणि सकाळी आईनं झाडू उचलला की असा उठायचा, जसं काही चूल सारवण्याआधी त्याची परवानगी घ्यायला हवी होती!

लग्नानंतर माझा थोरला भाऊ कौतिक मला भांड्याकुंड्यांसकट बैलगाडीतून धुळ्याला पोचवायला आला, तेव्हा राखुंड्या गाडीखालून, दोन चाकांमधल्या सावलीत, एरंडोल करत, पारोळा करत, चालत आला. गाडीखाली कुत्रं चालतं यात आमच्याकडे नवीन काही नाही. नवीन हे, की गाडी परत निघाली तेव्हा हा गाडीखाली नव्हता. कौतिकभाऊ हाका मारून दमला, आणि हा माझ्या सासूबाईंच्या उंबऱ्यावर बसून राहिला, ‘तू हो पुढे, मी हिला घेऊनच येतो’ असं तोंड करून. सासूबाईंनी एकदा मला पाहिलं, एकदा त्याला पाहिलं, आणि म्हणाल्या, “भांडा कमी पडनात म्हनिसन कुत्रं धाडं का?”

मी काय बोलणार? ‘हो’ म्हणावं तरी पंचाईत, ‘वाढू का’ तर त्याहून.

आता सासूबाईंच्या घरातली गोष्ट ऐका. झुंबरबाई म्हणजे आमच्या गल्लीत बाई एक आणि दरारा दहांचा, आणि त्यांच्या घरात विस्तव विझत नाही. काडीपेटीतली काडी ओढणं म्हणजे त्यांना उधळपट्टी वाटते. जेवणं झाली की जळते निखारे राखेखाली पुरायचे, वरून उलथन्यानं थापटून गुळगुळीत करायचं, सकाळी उकरलं की आत लाल... पण वरून बघाल तर काय? राख! मऊ, करडी, अगदी आमच्या आईच्या चुलीतल्यासारखी. राखुंड्यानं पहिल्या संध्याकाळी ती पाहिली, आणि तुम्हाला सांगते, त्या प्रवासानंतर पहिल्यांदा त्यानं शेपूट हलवली. बिचाऱ्याला वाटलं, आलं घर. गोल गोल फिरला, पाय दुमडले, सुखानं डोळे मिटले, बसला...

आणि उठला तो थेट पाटावरच्या पिठावर!

पोटाचे केस जळाल्याचा वास, अंगणभर पीठ, मी चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटतेय, आणि सासूबाई: “बठ्ठी राख इसकटी टाकी! धाडी द्या त्याले असोदाले!” राख सारखीच दिसते हो, घर वेगळं असतं, पण हे त्याला मी कुठल्या बोलीत सांगू?

मात्र त्यांचं ते ‘असोदाले’ माझ्या कानात राहिलं. कारण विचार करा, कुत्रा एकटा कसा जाईल? कुणीतरी न्यायला हवा. आणि तो ऐकतो कुणाचं? माझं! त्या दिवसापासून सासूबाई जेव्हा जेव्हा ‘धाडी द्या’ म्हणायच्या, तेव्हा तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचं परसातलं निंबाचं झाड यायचं, आखाजीचा झोका बांधलेलं. आखाजी म्हणजे आमच्या खान्देशात लेकीबाळींचा सण. भाऊ न्यायला येतो, पोरी झोक्यावर उभ्या राहून गाणी म्हणतात, आणि वैशाखाच्या उन्हात सासर म्हणून काही असतं हेच विसरतात. लग्नानंतरची पहिली आखाजी तर माहेरचीच. पण सासूबाईंना कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, “पाहूत.” बस्स. ‘पाहूत’मध्ये असोद्याची वेसही येते आणि धुळ्याची चूलही येते, काय समजायचं ते समजा!

म्हणजे कुत्र्यानं आणखी जरा उच्छाद मांडला असता तर माझंच भलं होतं. पण मन असोद्याला आणि हात चुलीकडे, अशी माझी गत. तो चुलीकडे वळला रे वळला की माझे पाय आधी धावायचे. मी राखेवर कोंबड्यांचं डालं पालथं घालायला लागले. तो डालं नाकानं ढकलायला लागला. मी डाल्यावर वरवंटा ठेवला. सासूबाईंना वरवंटा मिळेना. मी गुपचूप निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं, तर सकाळी चूल थंडगार, आणि मला शेजारच्या हसीनाबीकडे मातीचं परळ घेऊन विस्तव मागायला जावं लागलं. हसीनाबी चिमट्यानं निखारे देता देता म्हणायची, “क्या दुल्हन, आज फिर तुम्हारा चूल्हा सो गया?” मी मान खाली घालून हसायची. धुळ्यात माझ्याशी हसून बोलणारी ती एकच बाई.

एकच, कारण घरातल्यांचं... म्हणजे यांचं, नाव घ्यायचं नाही तेव्हा समजून घ्या... यांचं निराळंच. हे कापसाच्या जिनात कारकून, गाठींचा हिशेब लिहितात. आईसमोर बायकोशी बोलायचं नाही ही रीत हे इतकी पाळतात, की माझ्याशी जे काय बोलायचं ते कुत्र्याशी बोलतात! “राखुंड्या, चहा मिळेल का?” “राखुंड्या, सदऱ्याचं बटण तुटलंय.” एकदा तर, “राखुंड्या, आज भरीत चांगलं झालं होतं.” कुत्र्यानं कान हलवला, आणि मी दिवसभरात उगाचच दोनदा वेणी घातली. तर पाहा, त्या मुक्या जिवावर आमचा अख्खा संसार चाललेला!

यांना राखुंड्याचं भाजलेलं पोट बघवेना. मुंबईला कुणी जाणारं होतं, त्याच्याकडून यांनी कुकर मागवला. पितळी, उभा, एकावर एक डबे, खाली कोळशाची तबकडी, वर कडी. आम्हा सगळ्यांना समोर बसवून हे म्हणाले, “राखुंड्या, आता जाळ नाही, राख नाही. ठेवायचं आणि विसरायचं.” विसरलो आम्ही. राखुंड्या नाही विसरला. जमिनीवर ऊबदार, चकचकीत, भाताच्या वासाचं काहीतरी उभं आहे म्हटल्यावर तो त्याला पाठ लावून बसायला गेला, मी धावले, कुकर वाचला, पाठ वाचली, भात सांडला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तुना कुकरमा भाकर व्हस का?” झालं. कुकर धुऊनपुसून कोपऱ्यात गेला, मंदिरातल्या समईसारखा.

आणि आखाजीच्या चार दिवस आधी, उन्हं कलताना, गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली.

माझ्या आधी राखुंड्यानं गाडी ओळखली. काय तो धावला म्हणता! बैलांच्या पायांत शिरला, कौतिकभाऊच्या अंगावर उड्या घेतल्या, चाकं हुंगली, धुऱ्या हुंगल्या... त्या गाडीला असोद्याचा वास होता हो, माझ्याही नाकाला आला. कौतिकभाऊ दारातूनच म्हणाला, “चाल बाई, माय वाट पाहून राह्यली.” मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चुलीपाशी. दुपारच्या निखाऱ्यांवर राख थापटून झालेली, आणि डालं तेवढं कुरडया झाकायला अंगणात गेलेलं. त्या तोंड उघडणार, म्हणजे ‘पाहूत’ की ‘जाय’, ते ऐकायला माझा जीव कानात... आणि राखुंड्या आत आला. आनंदानं दमलेला. सगळं पूर्वीसारखं झालं असं वाटून सरळ राखेकडे निघाला, आपल्या अंथरुणावर.

मी उंबऱ्यावर होते. हाक मारली की नाही आठवत नाही. सासूबाईंनी त्याची मानगूट धरली आणि मागे फेकला, पण फेकताना तोल गेला आणि दुसरा हात, अख्खा पंजा, त्या राखेत.

राखुंड्याला केसभरही लागलं नव्हतं. मी निवळी-तेलाची वाटी आणली, त्यांनी वाटी ओळखली. “कुत्रानं औषध शे ना ते? लाव.” मी लावलं. हे दारात येऊन कुत्र्याला म्हणाले, “राखुंड्या, कुकर आहे की. जाऊ दे तिला.” आणि ज्यांनी त्या कुकरला कधी हात लावला नव्हता, त्या सासूबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, “जाय तू. पहिली आखाजी शे तुनी. मी कुकरना भात खासू.”

तुम्हाला सांगते, त्या जर ‘पाहूत’ म्हणाल्या असत्या ना, तर मी रडत रडत का होईना, गाडीत जाऊन बसले असते! पण त्या ‘जाय’ म्हणाल्या. मग कुठे जाणार? त्या घरातलं माझं पहिलं अख्खं वाक्य मी तेव्हा बोलले, “मी पुढच्या आखाजीला जाईन.”

सकाळी गाडी निघाली. मी कौतिकभाऊला म्हटलं, याला तेवढा ने, तिकडची राख खरी राख आहे. आणि राखुंड्याला गाडीखाली ढकललं. मला वाटलं, उंबऱ्यावर येऊन बसेल, पहिल्यासारखा, ‘हिला घेऊनच जातो’ म्हणून. नाही बसला. एकदा वळून बघितलं, आणि चाकांच्या सावलीत शिरला... असोद्याचा वास होता ना गाडीला.

संध्याकाळी सासूबाईंनी बऱ्या हातानं तांब्या उचलला आणि निखाऱ्यांवर पाणी ओतलं. चर्र झालं. मग त्यांनाच आठवलं, ज्याच्यासाठी विझवायचं तो तर गेला. रिकाम्या चुलीकडे बघत म्हणाल्या, “सवय लागी गई.” म्हणजे काही रात्री ते पाणी त्याच ओतत होत्या तर! आता इथलीही राख तसलीच झाली हो, मऊ, गार... आणि झोपायला कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी हसीनाबीकडून निखारे आणून मी चूल फुंकत बसले होते. हे दारात आले. सवयीनं खाली पाहिलं. राखुंड्या नाही. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आई ओसरीवर. घसा खाकरला. आता बोलतील, मला वाटलं, आता दुसरा इलाजच नाही... आणि तुम्हाला सांगते, हे कोपऱ्यात वळले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “कुकर, चहा मिळेल का?”

मी चहा केला. कपबशी नेऊन कुकरच्या झाकणावर ठेवली. आणखी कुठे ठेवणार?