सासूबाईंच्या पुढ्यातली जागा

…आणि जागा कुठली दिली, तर सासूबाईंच्या पुढ्यात! आता तुम्हीच सांगा, ज्या बाईपासून सुटायला मी मेल्यानंतरचीसुद्धा वेगळी सोय बघून ठेवलीय, डोंगरापलीकडच्या देवळात एका चेरीच्या झाडाखाली माझी राख पुरायची असं भटजींशी बोलून आलेय, त्या बाईच्या थडग्यासमोर मला जिवंतपणी नेऊन बसवायचं, चटईवर, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून, आणि वर म्हणायचं काय, तर ‘काकू, इथे तुम्ही अगदी सुरक्षित आहात.’ सुरक्षित? सासूबाईंसमोर? अगं बाई, मी त्यांच्या घरात तीस वर्षं काढलीत, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून!

ही ओगाता म्हणून पोरगी आहे, जिल्ह्याच्या कचेरीतून आलेली. तिचा काही दोष नाही, गोड आहे, सारखी वाकून नमस्कार करते. आठ गावांची मिळून एक योजना केलीय ना, भूकंप झाला, लाट आली, तर कुणी कुठे पळायचं, त्याची ती व्यवस्था बघते, सरावही घेते. आमचं उरानोमा त्यात सगळ्यात शेवटी शिरलं. का? तर शेजारचं ताकामोरी आधीच आत होतं. आमच्या नगरपालिकेत तीन म्हातारे टेबलावर मुठी आपटून म्हणत होते, ‘ताकामोरीवाल्यांच्या पंक्तीला आम्ही बसायचं?’ भांडण कशावरून, तर समुद्रातल्या शेवाळाच्या वाफ्यांवरून, तेही आजोबांच्या वेळचं, आणि ते वाफे आता उरलेलेसुद्धा नाहीत…

तर ती टेकडी. आमच्या बंदराच्या आळीतून निघालात की दम लागायच्या आत टेकडीचा पायथा येतो. रस्ता आमचा, पण देवळाची पहिली पायरी ताकामोरीची. वर देऊळ, देवळामागे थडगी, आणि त्यात आमची सगळी घराणी, कारण देऊळ बांधलं तेव्हा हद्दबिद्द कुणाच्या डोक्यात नव्हती. म्हणजे बघा, आमचे मेलेले ताकामोरीत आणि जिवंत उरानोमात. जुन्या योजनेत लाट आली तर पळायचं कुठे? तर आमच्या पालिकेच्या शाळेत. टेकडीच्या पायथ्यावरून पुढे, वळणावरून पुढे, पूल ओलांडून, मग चढ. टेकडीवर नाही हं! टेकडी दुसऱ्यांची. तिथे वर जायचं ते मेल्यावर.

आता मोठी योजना झाली, हद्द पुसली, आणि ओगाताबाईंच्या लक्षात आलं की अरेच्चा, ही टेकडी तर जवळ आहे. मग प्रत्येक घराला जागा दिली ती आपापल्या थडग्यासमोर. मी म्हटलं, बाई गं, दुसरी जागा नाही का? तर म्हणते, ‘काकू, आपल्या घराण्याच्या दगडापाशी माणूस डोळे मिटून पोचतो. शिवाय हजेरीला सोपं जातं.’ हजेरी कशी घेते ठाऊक आहे? दगडावरची तांबडी नावं बघून. आमच्यात एकाचं नाव कोरायचं झालं की घरातल्या जिवंत माणसांचीही तेव्हाच कोरून घेतात आणि त्यात तांबडा रंग भरतात. माणूस गेला की रंग खरवडून काढायचा. सासूबाई गेल्या तेव्हा आमच्या ह्यांनी मला न विचारता स्वतःचं आणि माझं नाव कोरून घेतलं, म्हणून तर मी ते चेरीचं झाड बघून आले. आता ती पोरगी दगडादगडापाशी जाते, तांबडं नाव वाचते, समोर माणूस बसलाय का बघते आणि पुढे सरकते. अंगावर काटा येतो हो. आपलं नाव थडग्यावरून वाचून दाखवताहेत आणि आपण म्हणायचं, ‘हजर.’

आणि सासूबाई बोलतात. हसू नका. मी चटई घातली की पाठीमागून, ‘तिरकी घातलीस.’ हेल्मेटचा पट्टा लावला की, ‘आत काही असतं तर जपायचं.’ मी उदबत्ती लावते. पहिल्या सरावाला बसले, दुसऱ्याला बसले. शेजारची साकी सांगत होती, तिचे सासरे तर खोकतात. दोन्ही गावं अशी टेकडीवर बसलेली, प्रत्येकाच्या मागे त्याचं त्याचं कुणीतरी, आणि खाली समुद्र कसा, अगदी गरीब.

पण माझी रड सासूबाईंची नाहीच. हे येत नाहीत, ती खरी रड आहे.

आमचे हे, कात्सुमी, लाट आली त्या वर्षी आमच्या आळीचे प्रमुख होते. मी गावात नव्हते, बहिणीकडे गेले होते. जमीन हलली, भोंगा झाला, ह्यांनी आळीचा झेंडा घेतला आणि सगळ्यांना रांगेत घेऊन निघाले शाळेकडे. ठरलेलं होतं ना. रांगेच्या शेवटी म्हातारी माणसं, त्यात सासूबाई. टेकडीच्या पायथ्याशी आले तर वरून ताकामोरीचा सुगाए ओरडला. हा सुगाए मासळीबाजारात लिलाव पुकारतो, त्याचा आवाज मेलेल्या माशालाही ऐकू जातो. ‘वर या, इथेच वर या!’ आणि ह्यांनी काय केलं? थांबले, कमरेत वाकून नमस्कार केला, म्हणाले, ‘आभारी आहे, पण आमची जागा ठरलेली आहे.’ आणि रांग पुढे नेली. पुढची माणसं शाळेत पोचली. मागची पुलावर होती तेव्हा पाणी आलं.

हे मला ह्यांनी सांगितलं नाही. सुगाएनं सांगितलं, अंत्यविधीला, माझ्या पायांकडे बघत. सासूबाई तशा शेवटी टेकडीवर पोचल्याच. वर जायचं ते मेल्यावर.

तेव्हापासून हे असे. बंदरावर जातात, जाळी सांधतात, घरी येतात. सराव आला की म्हणतात, ‘तू जा. मी घर राखतो.’ घर काय पळून जाणार आहे? तुम्हाला सांगते, मला लाटेची भीती नाही वाटत. लाट येईल, भोंगा होईल, मी धावत वर जाईन, आणि ही पोरगी तांबडं नाव वाचेल, ‘कात्सुमी…’, आणि हे खाली घरात जाळं मांडीवर घेऊन बसलेले असतील, आणि उठणार नाहीत. तेवढीच भीती वाटते. मुद्दाम उठणार नाहीत.

गेल्या रविवारी तेच. भोंगा झाला. मी दारात उभी, म्हटलं, ‘मी चालले. यायचं तर या.’ ह्यांनी मान वर केली नाही. मी गेले. मागे फिरायचं नाही असा नियम आहे, सरावातसुद्धा. वर जाऊन चटई घातली. ‘तिरकी.’ म्हटलं, असू दे. ओगाता आली, माझं नाव वाचलं, ह्यांचं वाचलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पोट दुखतंय त्यांचं. शेजारी सुगाए त्याच्या वडिलांच्या दगडापाशी बसला होता, तो एकदम उठला. म्हणाला, ‘वहिनी, खाली बघा.’

खाली रस्त्यावर हे. हातात आळीचा जुना झेंडा, तो मला वाटत होतं वाहून गेला. चालले होते शाळेकडे, जुन्या वाटेनं, एकटे. आणि चालता चालता थांबत होते. मागे वळून बघायचे, झेंडा हलवायचे, जरा वाट बघायचे, मग पुन्हा चार पावलं. मागे रस्ता रिकामा. म्हाताऱ्या माणसांना गाठू देत होते हो… मागच्यांना.

मी चटईवरून उठून उभी राहिले. सासूबाईसुद्धा गप्प. आणि हे पायथ्याशी आले, आणि पुढे निघाले.

मग सुगाए ओरडला. ‘वर या! इथेच वर या!’ तेच शब्द. म्हातारा झालाय, आवाज मध्येच चिरकला. हे थांबले. वर बघितलं. आणि कमरेत वाकले, तसेच. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं, आता पुढे जातील पुलाकडे.

साकीनं माझा हात दाबला म्हणून डोळे उघडले. हे पहिल्या पायरीच्या बाजूला उभे होते, झेंडा आडवा धरून, आणि कुणाला तरी वर जा, वर जा, असं सांगत होते. एकेकाला. एका जागी वाकून हात पुढे केला, आधार द्यायला करतात तसा. किती वेळ लागला म्हणून सांगू… म्हाताऱ्यांना पायऱ्या चढायला लागतोच ना वेळ. सगळे चढले, मग शेवटी हे चढले.

वर आले तर ओगाता समोर, हातात घड्याळ, रडवेली. ‘काका… आमच्या हिशेबानं पाणी पहिल्या पायरीला लागलं तेव्हा तुम्ही खालीच होतात. म्हणजे… या सरावात तुम्ही वाचला नाहीत.’ हे म्हणाले, ‘बाकीचे आले ना वर?’ त्या बिचारीला काय ठाऊक? सुगाए म्हणाला, ‘आले. सगळे आले. मी बघितलं.’ हे म्हणाले, ‘मग ठीक आहे,’ आणि येऊन चटईवर बसले, आईच्या पुढ्यात, माझ्या शेजारी. मी रडले, लाज कसली, हेल्मेटसकट रडले.

तिथे सगळ्यांना एकेक पुडा देतात, गरम पाणी ओतलं की आतला सुका भात फुगतो. मी ह्यांच्या हातात दिला. ओगाता सगळ्यांना सांगत होती की एक माणूस दगावला, तेव्हा अख्खा सराव येत्या रविवारी पुन्हा घ्यावा लागेल, आणि दोन्ही गावं माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती. आणि हे? सरकारदरबारी मेलेला माणूस, जेमतेम पाच मिनिटं झाली असतील, इतकी वर्षं ताटात पडेल ते मुकाट गिळणारा, एक घास खातो, थांबतो, आणि मला म्हणतो, ‘कच्चा राहिलाय.’ म्हटलं, बरं. रविवारी घरून करून आणीन.