भिंतीपलीकडचं नेट

तुमची काहीतरी गफलत झालीय, साहेब. घरच्या बाईंनी तक्रार केली म्हणता, पण या घरात घरचं माणूस म्हणून मीच एक आहे, आणि मी काही केलेली नाही — बघा, आत येऊन बघा ना, शिलाई मशीन, इस्त्री, कापडाचे तुकडे आणि मी. बायको जाऊन खूप वर्षं झाली, मुलगी दूर परदेशात, मग तक्रार करणारी बाई आली कुठून? पत्ता दाखवा बघू. हं, पत्ता तर माझाच आहे. मग तुमच्या कंप्युटरनं घोळ घातला असणार, तुमच्या कंपनीचा कंप्युटर म्हटल्यावर त्यात नवल ते काय. बसा. ती पिशवी खाली ठेवा, पण ड्रिल एवढ्यात काढू नका. आधी चहा घ्या.

तक्रारीला कारण नाही असं नाही हं. पूर्वी करायचो की, पोटभर करायचो. फोन लावला की ती बाई सांगणार, तुमचा कॉल आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि लगेच कसलीशी धून सुरू — त्या धुनेवर मी अख्खी पँट शिवून काढलीय, खोटं नाही सांगत, खिशांसकट. मग शेवटी एक माणूस येणार आणि विचारणार काय, तर राऊटरची डबी बंद करून चालू केली का? केली बाबा, इतक्यांदा केली की बटण ढिलं झालं. रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल यायचा, तर मी तिला दिसायचो तोंड वासलेला, एक डोळा मिटलेला, गोठलेला, आणि ती तिकडे बाबा, बाबा करत रडकुंडीला यायची — एकदा तर तिला वाटलं मला झटकाच आला. बरं, सोडून द्यावं म्हटलं तर दोन वर्षांचा करार. आमच्या शिंप्याच्या धंद्यात ट्रायल असते. गिऱ्हाईक कच्च्या टाक्यांचा कोट अंगात घालतं, हात वर करतं, म्हणतं मास्तर, काखेत ओढतंय, की आम्ही उसवून परत जोडतो. तुमच्याकडे एक बाही आखूड, कॉलर टोचतीय, आणि वर म्हणणार दोन वर्षं हाच घालायचा, काढलात तर दंड. असा कोट मी कुणाला दिला असता तर त्यानं दुकान डोक्यावर घेतलं असतं.

आता नाही करत तक्रार. आता माझं भागतं — शेजारून. शेजारी त्या राहतात ना, सिस्टर, म्हणजे हॉस्पिटलात नर्स होत्या, रिटायर झाल्या, पण अख्खी बिल्डिंग अजून सिस्टरच म्हणते. त्यांचं नेट दुसऱ्या कंपनीचं, कसं पाण्यासारखं वाहतं. एकदा मुलीच्या कॉलच्या वेळी मी फोन वर धरून जिन्यात फिरत होतो, तर त्यांनी दार उघडून विचारलं, मास्तर, काय शोधताय? रेंज, म्हटलं. त्यांनी फोन घेतला, त्यांच्या नेटचा पासवर्ड घातला आणि परत दिला. तेव्हापासून मी माझं स्टूल घेऊन त्यांच्या दाराबाहेर बसायला लागलो — बाहेर हं, जिन्यात, उगाच लोकांनी काही बोलायला नको. मग थंडी पडली, जिन्यात वारं फार, तर म्हणाल्या उंबऱ्याच्या आत सरका. मग उंबऱ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडचण व्हायला लागली. कोण येतं-जातं? तसं कोणी नाही. पण अडचण व्हायची. मग स्टूल टेबलापाशी गेलं, ते अजून तिकडेच आहे.

पासवर्ड मला कुठे ठाऊक, तो त्या स्वतःच घालतात. आणि सारखा बदलतात, सुरक्षेसाठी, हॉस्पिटलातली शिस्त आहे ती. बदलला की माझं बंद पडतं, मग मी जातो, त्या चष्मा शोधतात, तोवर चहा होतो, मग पासवर्ड घालतात. मी एकदा म्हटलंही, एका कागदावर देऊन टाका, तर म्हणाल्या, कागद हरवतात. आता जन्मभर मी लोकांची मापं सांभाळली, एक चिठ्ठी हरवू दिली नाही, पण म्हटलं जाऊ दे, कशाला वाद घाला. हसताय कशाला? चोरांचा काही भरवसा आहे का हल्ली?

पंचाईत होते ती हाक मारायची. सगळे सिस्टर म्हणतात, मलाच ते जमत नाही, जिभेवर येतं आणि अडतं. सिस्टर म्हणजे — तुम्ही समजा काय ते. नावानं हाक मारायची हिंमत नाही, बाई म्हणावं तर शाळेत बसल्यासारखं वाटतं, वहिनी म्हणावं तर मध्ये कोणीतरी भाऊ लागतो, आणि त्यांनी लग्नच केलं नाही, जन्म गेला रात्रपाळ्यांत. मग मी आपलं नुसतं ‘अहो’ म्हणतो. अहो, पासवर्ड बदललात का. अहो, दूध उतू जातंय. एकदा जिन्यात चारचौघांत तोंडातून निघालं, तर वरच्या मजल्यावरचे दोघे नवरा-बायको वळून बघायला लागले, आणि मी कानापर्यंत लाल. ज्यांना हाक मारली, त्यांनी मात्र काही दाखवलं नाही. त्या मला मास्तर म्हणतात. पहिल्या दिवशी मास्तर, आजही मास्तर. आदरानंच म्हणतात, तक्रार नाही — पण मास्तर मला पोस्टमनही म्हणतो.

थांबा, थांबा, ड्रिल खाली ठेवा. नवीन वायर टाकणार? चहा गार व्हायच्या आत होईल, आणि मग नेट पळत सुटेल? नको. नको म्हणजे, आज नको. करार संपला की बघू. संपेल की, पुढच्या वर्षी. नाही, तुमचं बरोबर आहे, दोन वर्षं होऊन गेली, पण तो — वाढवला. कोणी म्हणजे, मीच वाढवला. तुमचा माणूस आला होता, चेहरा पाडून, म्हणाला मास्तर, मुदत संपली, आता मोकळे आहात, दंड नाही, काही नाही. मोकळा होऊन करू काय? चांगलं नेट घेतलं की स्टूल घरी आणावं लागणार. म्हटलं आणा इकडे, सही करतो. तो बिचारा दोनदा म्हणाला, नीट विचार करा. मी म्हटलं, हेच द्या, आहे तसंच, अजिबात सुधारू नका. झालं, बोलून गेलो तुमच्यासमोर. कुणाला सांगू नका, आणि चहा प्या, साय धरलीय त्यावर.

काय दाखवताय, त्या बाईंचा नंबर? चष्मा घालू द्या. हा तर — हा शेजारचा नंबर आहे. तक्रार यांनी केली? जरा बसतो मी. नाही, बरं वाटतंय, फक्त बसतो. समजलं हो मला, एवढं न समजायला काय झालं. कंटाळल्या असणार. रोज संध्याकाळी एक म्हातारा येऊन टेबलाशी बसतो, चहा पितो, बातम्या बघतो आणि प्रत्येक बातमीवर आपलं मत देतो, किती दिवस सोसायचं माणसानं? तोंडावर सांगवत नसेल, सभ्य बाई आहेत, मग परस्पर याचं नेट दुरुस्त करून टाकायचं, की आपोआप यायचा बंद. पेशंटला डिस्चार्ज देतात, तसं. वाईट वाटलं मला, तुमच्यापासून कशाला लपवू, फार वाईट वाटलं. लावा तुमची वायर. पाडा भोक, कुठेही पाडा.

काय म्हणालात? परत सांगा. सकाळी त्या स्वतः बोलल्या तुमच्याशी? कंपनीनं विचारलं तुम्ही कोण लागता, घरच्यांशिवाय कुणाची तक्रार घेत नाही, तर म्हणाल्या, मी घरचीच आहे. असं म्हणाल्या? त्याच शब्दांत? बरं. आणि तेव्हा कंपनीनं त्यांना सांगितलं की करार तुमच्या माणसानंच हौसेनं वाढवलाय — हे सांगितलं? त्यांना? मेलो. आता जिन्यात तोंड कसं दाखवू? मग काय म्हणाल्या? हसल्या. हसल्या म्हणजे कशा, अंदाजे नका सांगू, माप घेतल्यासारखं सांगा. नाक मुरडून हसल्या की — बराच वेळ? ठसका लागेपर्यंत? आणि मग? मग म्हणाल्या, मास्तरांचं नीट करून द्या, माझी मुदत या महिन्यात संपतीय, मी माझं बंदच करतीय. एका भिंतीच्या दोन अंगांना दोन डब्या कशाला, मीच जात जाईन तिकडे बसायला.

हे आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला? इतका वेळ आयता चहा पिताय. उठा, कुठे पाडायचं भोक? तिथे नको, तिथे वारं येतं. खिडकीपाशी घ्या, उजेडात, त्यांना विणायचं असतं. टेबल मी ओढतो, तुम्ही मशीन सरकवा, हळू, त्याचा एक पाय लुळा आहे. खुर्ची एकच आहे घरात, ती त्यांना होईल, माझं स्टूल तिकडेच राहिलंय. आणि पासवर्ड आता माझ्याकडे राहणार ना? मग तो बदलायचा कसा ते आधी शिकवा. दर आठवड्याचा नको, रोजचा शिकवा. चालू द्या ड्रिल, चालू द्या.

जरा थांबा. दार वाजलं. त्याच आहेत, पावलं ओळखतो मी. नाही, तुम्ही नका उघडू, तुम्ही काही बोलूही नका. दार उघडा, हातात स्टूल आहे, असं म्हणाल्या ना? ते झालं, पण त्याच्या आधी काय म्हणाल्या? मास्तर नाही म्हणाल्या. तुमच्या ड्रिलच्या आवाजात मला नीट लागलं नाही — ‘अहो’ म्हणाल्या का? तुम्हीही ऐकलंत? ते ड्रिल बंद करा आधी. स्टूल जड आहे, ठाऊक आहे मला, उघडतोच आहे. बंद करा म्हणतो ना. परत हाक मारतील आता, नीट ऐकू द्या मला.