उजवी कळी

गोजराबाई : देव बाटवलास तू, गेणबा. थोरली बहीन म्हनून तोंडावर बोलतीया. बाकीचं पाठीमागं बोलत्यात.

गेणबा : बाटवला? आक्का, मोजनीवाला पायतानानिशी गाभाऱ्यात शिरला, भैरोबाच्या अंगावरनं मोजनीची साखळी वढली, त्याला बाटवनं म्हनत्यात. मी अंघूळ करून, वल्या धोतरानं देव उचलला. घाट चढूस्तवर खाली टेकवला न्हाई. खांदा सोलून निघाला माजा.

गोजराबाई : आन त्याची जागा? सारं गाव धरनात गेलं. घरं, खाचरं, आईची तुळस. आन देऊळ कोरडं! पानी पायरीला लागून थांबलंय.

गेणबा : ठावं हाय. रोज टेकाडावर जाऊन बघतोय.

गोजराबाई : मग? कौल कुनी लावला व्हता? 'उजवी कळी पडली, देव चला म्हनतोय,' असं चावडीवर तूच सांगितलंस न्हवं? पानी कुटवर येनार, ह्ये देवाला उमगलं न्हाई व्हय?

(गेणबा हातातलं गवत चिमटीनं तोडत बसतो.)

गेणबा : डावी पडली व्हती.

गोजराबाई : काय म्हनतूस?

गेणबा : पुन्यांदा लावली. पुन्यांदा डावीच. 'हलवू नगंस' म्हनत व्हता त्यो.

गोजराबाई : अरं माज्या कर्मा! आन गावाला उजवी सांगितलीस?

गेणबा : काय करू? धरन बांधून झालं, पाऊस तोंडावर. सत्याग्रह मोडला, पन म्हाताऱ्यांचा हट्ट मोडंना. साळूबाई घराचा उंबरा धरून बसली, 'देव हलंल तवाच मी हलंन.' तिच्या मागं समदी. लेकराबाळांसकट बुडाली असती गं.

गोजराबाई : मानसं वाचली, बाबा. त्याचं पाप न्हाई लागायचं.

गेणबा : पन मी इचारलं काय व्हतं? 'देवा, तुला हलवू का?' गावाचं इचारलंच न्हाई. त्यानं त्याच्यापुरतं खरं सांगितलं. मला वाटलं, देवाला पान्याचं काय कळतंय! तुजंच बरुबर हाय, आक्का. बाटवला मी. दगूड न्हाई, त्याचा शबूद बाटवला. लई वंगाळ वाटतंया.

गोजराबाई : मग चल, माघारी नेऊ त्याला. डोंगराच्या अंगानं वाट हाय अजून. कळ्या मी तोडून आनते. इचार, येतूस का म्हनावं.

गेणबा : कळी शेजारच्या कोंडाजीला लावू दे.

गोजराबाई : आन तू? पुजारपन आज्यापासनं आपल्या घरात हाय. डावी पडंल म्हनून भ्यालास?

गेणबा : डावी पडली तर सांगंन की. पन उजवी पडली, तर? गाव अजून माजं मानतंय गं. मलाच माजी उजवी खरी वाटायची न्हाई.