पहिल्या पानाची बाही

हात वर करा—नाही हो, शरण नाही यायचं, काखेचं माप घ्यायचंय. काय म्हणालात, पेपरात असता? संपादक? मग बरे सापडलात, आता टाचण्या माझ्या हातात आहेत. हलू नका! तर विचारत होतात ना, भिंतीवर या सगळ्या पेपरच्या बाह्या कशाला—अहो, कापडाआधी कागद कापतो आम्ही शिवणारे, आणि मी पहिलंच पान कापते. का? त्या नटानं जीव दिला तेव्हा काय छापलंत तुम्ही? कसं, कुठे, कशानं—केकची कृतीसुद्धा इतकी नीट देत नाही तुमचा पेपर! कारण एकच, तेही एका ओळीत, आणि फोटो हा एवढा, जसं काही लग्नच होतं. आमच्या शेजारणीचा नवरा—कारखाना बंद पडल्यापासून घरीच—तेच पान पुन्हा पुन्हा वाचायचा, चहा निवून जायचा, आणि म्हणायचा, "सुटला बिचारा." सुटला! मग काय, पेपर आला रे आला की मी कात्री चालवायची. "अगं, पहिलं पान?" "बाही कापली." "रोज बाही? माणसांना हात तरी किती असतात?"—असं म्हणायचे आमचे हे—म्हणजे शेजारणीचा नवरा हो. हसू नका, टाचणी टोचेल.

खरी फजिती पुढेच. एकदा आतल्या पानावर ‘आत्महत्या’ शब्द दिसला, मी वाचलं-बिचलं नाही, कापून मोकळी. ती बातमी निघाली एका बसचालकाची. तोही असाच खचलेला, पण बहिणीशी बोलला, डॉक्टरांकडे गेला, आता पुन्हा बस चालवतो. आणि मी त्याचा कोट करून टाकलेला! संध्याकाळी बघते तर हे टेबलाशी उभे, हातात डावी बाही. म्हणाले, "याची उजवी कुठाय? हा पुढे काय करतो?" जन्मात कधी माझ्या कामात लक्ष घातलं नाही या माणसानं! दोघं खाली बसलो, पाठ जोडली, बाह्या जोडल्या, आणि मदतीचा फोन नंबर सापडला कॉलरवर. लावला हो त्यांनी, तिथल्या तिथे. मी आपली मशीन चालवत बसले, म्हणजे त्यांना मोकळं बोलता यावं—सुईखाली कापडच नव्हतं. फार घाबरले होते मी.

शेजारीण? कोण शेजारीण? गप्प बसा. अशी बातमी कोपऱ्यात का टाकता, पहिल्या पानावर घ्या की—मी कात्री लावली तर नाव बदला माझं. आणि तो भिंतीवरचा बसचालकाचा कागद नाही मिळणार, तुमच्या बाहीला दुसरा कापू. श्श—जिन्यात पावलं वाजली. डॉक्टरांकडून आले वाटतं. हात खाली करा, झालं माप. पेपर राहू दे तिथेच, खुर्चीवर—आधी मी बघेन, मग त्यांना देईन. चला, निघा आता.